फट ठेवा, पण मोजून ठेवा

जुनी जीप असो, रिक्षा असो की मोटारसायकल, इंजिनातून ‘टिक् टिक्’ असा आवाज येऊ लागला की मालकाचा जीव वरखाली होतो. तो गाडी मेस्त्रीकडे नेतो आणि एकच सांगतो, “आवाज बंद झाला पाहिजे.” मेस्त्री झाकण उघडतो, चार स्क्रू पिळतो आणि आवाज बंद होतो. मालक खूश होतो, मेस्त्रीला चहापाण्याचे पैसे मिळतात. पुढे दोन-तीन महिन्यांनी तीच गाडी कसाऱ्याच्या घाटात दम टाकते आणि हेड खोलायची वेळ येते. दुखण्याची सुरुवात त्या पंधरा मिनिटांच्या कामात झाली होती, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानात राहिलेले नसते.

वाचक बंधू-भगिनींनो, आज या आवाजाविषयी आणि त्यामागच्या एका बारीक फटीविषयी लिहायचे आहे. विषय यंत्राचा आहे, पण त्यात हातावर पोट असलेल्या माणसाच्या मजुरीचा प्रश्न गुंतलेला आहे. आपल्या किती घरांतील मुले आय.टी.आय. करून किंवा न करताच गॅरेजात हात काळे करीत आहेत, ते आपण जाणतोच. त्यांच्या आई-वडिलांनीही हा लेख वाचावा, म्हणून शक्य तितके सोपे करून लिहितो.

फट कशासाठी?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला किमान दोन दारे असतात. एका दाराने हवा आणि पेट्रोल आत येते, दुसऱ्या दाराने जळलेला धूर बाहेर जातो. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. आत घेणारा तो इनलेट आणि बाहेर सोडणारा तो एक्झॉस्ट. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरत असतो. त्यावरचे उंचवटे टॅपेटला ढकलतात, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. उंचवटा निघून गेला की स्प्रिंग दार बंद करते. दार पूर्ण बंद असताना या साखळीत जी बारीक मोकळी जागा राहते, तीच टॅपेटची फट. ती ठरलेल्या मापावर आणणे म्हणजे टॅपेट सेट करणे.

नवख्या माणसाला वाटते की यंत्रात फट म्हणजे ढिलाई. मग ती मुद्दाम कशाला ठेवायची? उत्तर उष्णतेत आहे. साधा हिशेब करून पाहू. पोलाद एक अंशाने तापले की आपल्या लांबीच्या दहा लाखात सुमारे बारा भाग इतके वाढते. दहा सेंटिमीटर लांबीचा व्हॉल्व्ह सरासरी ४०० अंशांनी तापला, तर तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर लांब होतो. भोवतालचे बीडही तापते आणि वाढते, पण ते पाण्याने थंड राखलेले असते, म्हणून व्हॉल्व्हइतके वाढत नाही. हा फरक सामावायला जागा नको का? जागा ठेवली नाही, तर लांब झालेला व्हॉल्व्ह रॉकरला टेकतो आणि दार किंचित उघडेच राहते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे हाल तर विचारू नका. आगीसारखा धूर त्याच्या अंगावरून जातो. त्याला थंड व्हायला मोठा आधार एकच, तो म्हणजे त्याची बैठक, जिला सीट म्हणतात. दार बंद होऊन व्हॉल्व्ह सीटवर घट्ट बसतो, तेव्हा त्याची उष्णता सीटमधून बिडात आणि तेथून पाण्यात जाते. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे १००० फेरे घेतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळाहून अधिक वेळा उघडतो आणि मिटतो. त्या क्षणभराच्या मिटण्यात त्याला विसावा मिळतो. फट नसेल तर तो विसावाही संपतो. कडेने आग निसटू लागते, कड जळते, खाच पडते. यालाच मेस्त्री लोक ‘व्हॉल्व्ह जळाला’ म्हणतात.

फट जास्त झाली तर? तर रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टिकटिक ऐकू येते. दार उशिरा उघडते, लवकर मिटते, ताकद थोडी कमी होते. फार काळ तसेच चालवले तर रॉकर, टॅपेट आणि कॅम झिजतात. म्हणजे नुकसान दोन्हीकडे आहे, पण दोन्हींत फरक मोठा आहे. जास्त फट आवाज करून सांगते, “माझ्याकडे बघा.” कमी फट काहीच सांगत नाही. ती गप्प राहून जाळते. म्हणून जुने मेस्त्री म्हणतात की वाजणारा टॅपेट परवडला, मुका नको.

आपल्याकडची दांडगी गाडी

अमेरिकेत १९६० च्या दशकात आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनांच्या गाड्या निघाल्या. त्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. शौकीन लोक त्या जुन्या गाड्यांची इंजिने पुन्हा बांधतात आणि सोळा-सोळा टॅपेट हाताने सेट करतात. आपल्या नाशिकच्या रस्त्यांवर दांडगी गाडी म्हणजे जीप. महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप जोडायला सुरुवात केली. विलीजने १९५३ साली आणलेली सी.जे.-३बी ही जीप पुढे आपल्याकडे अनेक वर्षे तयार होत होती. उंच बॉनेटवरून ती आजही लांबून ओळखू येते. पुढे डिझेल जीप आल्या. इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा आणि नाशिकला गाड्यांचा कारखाना असल्याने जिल्ह्यातल्या कित्येक घरांचा या इंजिनांशी पोटापाण्याचा संबंध आला.

आता जुन्या पेट्रोल जीप पुन्हा बांधून घेण्याची हौस वाढली आहे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियमही केले. हौस मालकाची असली तरी काम गॅरेजातल्या मुलांना मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे.

या सी.जे.-३बी च्या इंजिनाचे नाव ‘हरिकेन’. चार सिलिंडर, सुमारे २२०० सी.सी. त्याची बॉनेट उंच का, याचे उत्तर व्हॉल्व्हमध्येच आहे. आधीच्या जीपमध्ये आठही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये चार इनलेट वर हेडमध्ये नेले आणि चार एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवले. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट उचलावी लागली. टॅपेट सेट करणाऱ्याला मात्र दोन ठिकाणी काम करावे लागते. इनलेटसाठी वरचे झाकण काढायचे, एक्झॉस्टसाठी इंजिनाच्या कुशीतले झाकण. कुशीतले काम अडचणीचे, म्हणून घाईत तेच टाळले जाते. आणि जळतो तो नेमका एक्झॉस्ट!

या इंजिनाचे माप असे : इंजिन थंड असताना इनलेट १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर इनलेट सुमारे ०.४६ आणि एक्झॉस्ट सुमारे ०.४१. ‘थंड असताना’ हे शब्द मापाइतकेच महत्त्वाचे आहेत. शेवरोले कंपनीच्या १९६७ साली आलेल्या कॅमॅरो झेड-२८ या मसल कारचे माप ३० थाऊ होते, पण ते इंजिन गरम असताना. एका गाडीचे माप दुसरीला आणि गरमचे थंडला लावले की काम बिघडलेच म्हणून समजा. माप त्याच गाडीच्या पुस्तकातून घ्यावे, ऐकीव घेऊ नये.

काम करायचे कसे?

गाडी रात्रभर उभी असावी. सकाळी बॅटरीची वायर सोडावी, गिअर न्यूट्रलला घ्यावा, चारही प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हँडलने हलके फिरते. हँडल इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने फिरवावे.

या इंजिनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. यात पहिल्याची जोडी चौथ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी असते. दोन्ही नंबरांची बेरीज पाच. जोडीतल्या एकाचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतात, म्हणजे एक्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडत असतो, तेव्हा दुसऱ्याचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. म्हणून चौथ्याचे हलताना दिसले की पहिल्याचे सेट करावेत. तिथून हँडल अर्धा फेरा फिरवले की दुसऱ्याचे हलतात, तेव्हा तिसऱ्याचे करावेत. आणखी अर्ध्या फेऱ्याने पहिल्याचे हलतात, तेव्हा चौथ्याचे. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याने तिसऱ्याचे हलतात, तेव्हा दुसऱ्याचे. दोन फेऱ्यांत आठही व्हॉल्व्ह होतात.

फिलर गेजची पट्टी फटीत घालावी. ती आत जावी, पण ओढताना किंचित धरल्यासारखी वाटावी. हाताला खात्री वाटत नसेल तर सोपी परीक्षा आहे : १८ ची पट्टी गेली पाहिजे आणि २० ची अडली पाहिजे. वरती रॉकरचा स्क्रू धरून चेकनट आवळावा. खाली कुशीत एका पान्याने टॅपेट धरायचा आणि दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. चेकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे. शिकाऊ मुले नेमकी इथेच घाई करतात.

एक फसवणूक जुन्या सामानात असते. रॉकरचे तोंड वर्षानुवर्षे घासून खळगा पडलेला असेल, तर सरळ पट्टी खळग्याच्या दोन काठांवर टेकते. पट्टी १८ सांगते, खरी फट त्याहून जास्त असते. मग माप बरोबर असूनही आवाज जात नाही आणि मेस्त्री फट कमी करीत सुटतो. अशा वेळी रॉकरचे तोंड पाहावे. दोष तोंडाचा आणि शिक्षा व्हॉल्व्हला, असे होऊ नये.

नव्याने बांधलेले इंजिन

बांधलेल्या इंजिनाचे टॅपेट एकदा सेट केले आणि मोकळे झालो, असे होत नाही. नवीन घासलेले व्हॉल्व्ह सीटवर मुरतात, किंचित आत बसतात आणि त्यांचा दांडा रॉकरकडे सरकतो. फट कमी होते. हेडचे गॅस्केट दबते, हेडचे नट पुन्हा आवळावे लागतात. हेड खाली बसले की रॉकरही खाली येतो, पुशरॉड मात्र तेवढाच राहतो. फट आणखी कमी होते. म्हणून आधी हेड आवळायचे आणि नंतर टॅपेट. उलट केले तर केलेले काम वाया. हरिकेनच्या कुशीतल्या एक्झॉस्टला हेडशी देणेघेणे नाही, पण सीटवर मुरणे त्यालाही चुकत नाही.

जुन्या इंजिनांना आणखी एक कारण आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे आणि ते व्हॉल्व्ह-सीटच्या मध्ये अस्तरासारखे काम करी. २००० सालापासून देशभर शिसे नसलेले पेट्रोल मिळू लागले. ज्या जुन्या इंजिनांत सीट साध्या बिडाची आहे, तिथे व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो आणि फट खात जातो. इंजिन बांधतानाच कडक धातूची सीट बसवून घेतली तर हा त्रास टळतो.

वहीची किंमत

आता मजुरीच्या प्रश्नाकडे येतो. मी हिशेबाचा माणूस. हिशेबात आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय पुढचे पान सुरू होत नाही. गॅरेजात मात्र बहुतेक मुले फट सेट करतात, पण सेट करण्यापूर्वी ती किती होती, हे लिहीत नाहीत. खरी माहिती त्या आधीच्या आकड्यातच असते. फट प्रत्येक वेळी कमी सापडली तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चालला आहे. जास्त सापडली तर कॅम, टॅपेट किंवा रॉकर झिजतो आहे, नाहीतर चेकनट सुटला आहे. आठांपैकी एकाचाच आकडा दर वेळी घसरत असेल, तर तो व्हॉल्व्ह जळण्याआधीच धोक्याची सूचना देत असतो.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने आय.टी.आय.मधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केला आणि सातपूरच्या बाजूला एका शेडमध्ये काम सुरू केले. मी त्याला दोनशे पानी वही दिली होती. एका गृहस्थाने जुनी जीप बांधायला दिली. मुलाने काम चोख केले. वहीत आठ रकाने पाडून पहिल्या दिवशीचे आकडे लिहिले. ५०० किलोमीटरला गाडी परत आली, तेव्हा इनलेट १६-१७ आणि एक्झॉस्ट १४-१५ सापडले. ते लिहून त्याने हेड आवळले आणि सर्व पुन्हा मापावर आणले. १५०० किलोमीटरला एकाही आकड्यात एका थाऊपेक्षा जास्त फरक नव्हता. प्रत्येक वेळी मालकाची सही घेतली होती. मजुरीपैकी नऊ हजार रुपये तेवढे राहिले होते.

दोन महिन्यांनी मालक तावातावाने आला. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट जळला होता. “तुझ्या कामामुळे झाले. बाकी पैसे विसर आणि इंजिन फुकट करून दे.” मुलाचे वडील रोजंदारीवर जाणारे. ते म्हणाले, “जाऊ दे, मोठी माणसे आहेत, भांडू नको.” मुलगा माझ्याकडे आला, आणि आम्ही वही घेऊन गेलो.

वादविवाद केला नाही. हेड अजून खोललेले नव्हते. मालकासमोरच दोन्ही झाकणे काढली आणि थंड इंजिनावर आठही फटी मोजल्या. इनलेट १० ते १२, एक्झॉस्ट ६ ते ८. पहिल्या ५०० किलोमीटरला जे आकडे दोन थाऊ हलले आणि पुढच्या हजाराला एकच, ते आता एकदम सहा-आठ-दहा थाऊ, तेही आठही जवळजवळ सारखेच, आपोआप कसे कमी होतील? शिवाय कुशीतल्या झाकणाला लाल रंगाचे सोल्यूशन लावलेले होते. मुलाने ते कधी वापरलेच नव्हते. मालक थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “थोडा आवाज येत होता, म्हणून दुसरीकडे दाखवली होती.” टॅपेटचा जो मंद आवाज योग्य मापाला असतोच, तो त्याला नको होता.

नऊ हजार रुपये आठ दिवसांत मिळाले. नवीन व्हॉल्व्ह आणि गॅस्केटचा खर्च मालकाने केला. खोलण्या-बांधण्याची मजुरी मुलाने आपण होऊन निम्मी घेतली, कारण गिऱ्हाईक टिकवायचे होते. तो त्याचा निर्णय. मला समाधान याचे वाटले की त्याला कोणापुढे हात जोडावे लागले नाहीत. शब्दाला शब्द लावला असता तर मोठ्याचा शब्द चालला असता. तारीख, किलोमीटर, आकडा आणि सही यांच्यापुढे मोठा-लहान राहिला नाही.

इतर गाड्यांचे काय?

जीप थोड्यांकडे असते. रिक्षा आणि मोटारसायकल पुष्कळांकडे. मोटारसायकलीत फट जीपपेक्षा बरीच कमी असते, म्हणून तिथे चूक लवकर महागात पडते. सी.एन.जी.वर चालणाऱ्या रिक्षाला जास्त जपावे लागते. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्ह आणि सीटला त्याचा ओलावा मिळत नाही. त्यांची फट पुस्तकात दिलेल्या मुदतीला तपासलीच पाहिजे, मग आवाज असो वा नसो. अनेक नव्या मोटारींत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असतात. ते आपली फट आपणच भरून काढतात, त्यांना स्क्रू पिळावा लागत नाही. आपली गाडी कोणत्या जातीची आहे, हे आधी विचारून घ्यावे.

मालकांना विनंती एवढीच : मेस्त्रीला “आवाज बंद कर” असे सांगू नका. “फट मोज, किती निघाली ते सांग आणि पुस्तकाप्रमाणे ठेव” असे सांगा. त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतो म्हटले तर कुरकुर करू नका, थंड इंजिनासाठीच तो ते म्हणतो. मोजण्याच्या वेळेचे पैसे द्या. स्क्रू पिळायला पंधरा मिनिटे पुरतात, मोजून करायला अर्धा दिवस जातो, आणि मजुरी त्या अर्ध्या दिवसाची असते.

गॅरेजातल्या मुलांना सांगणे असे की एक चांगले फिलर गेज स्वतःच्या पैशाने घ्या. त्याच्या पट्ट्या पुसून, तेल लावून ठेवा, वाकलेली पट्टी फेकून द्या. आणि पानांच्या पेटीत एक वही ठेवा. डाव्या बाजूला ‘सापडली’, उजव्या बाजूला ‘ठेवली’ असे दोन रकाने पाडा. गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर आणि मालकाची सही घ्या. हात तेलकट असले तरी चालेल, पानावर डाग पडला तरी चालेल. आकडा मात्र स्वच्छ लिहा.